दुखणं पाण्याला, औषध माशाला

'दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला' ही म्हण ज्याने कुणी काढली, त्याच्या घरी नक्की फिश टँक असणार. माझी तरी आता खात्री पटली आहे.

झालं असं. आमच्या हॉलमध्ये अडीच फुटी टाकी आहे. त्यात निऑन टेट्रा, गप्पी, तळाशी फिरणारे कोरी आणि एक रुबाबदार एंजल, असे एकूण एकोणीस जीव. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी मला सफाईचा झटका आला. फिल्टरचा स्पंज काढला आणि सिंकमध्ये नळाखाली पार स्वच्छ होईस्तोवर खळखळून धुतला. सौ.नी कौतुकही केलं (हे फार क्वचित होतं, म्हणून नमूद करतोय).

सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून आलो तर सगळे मासे पाण्याच्या वरच्या थरात, तोंडं उघडून धापा टाकतायत. धावत दुकानात गेलो आणि मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. दुकानदाराने तो जेमतेम सात-आठ सेकंद पाहिला. "फंगस आहे साहेब. हे निळं औषध टाका आणि हीटर तीसवर न्या." मी टाकलं. नेलाही. गुरुवारपर्यंत एकोणीसचे पाच उरले.

शुक्रवारी ऑफिसातल्या एका मित्राने टेस्ट किट आणून दिलं. पाच मिनिटांत नळीतलं पाणी हिरवंगार झालं. अमोनिया!

आता जरा उलगडून सांगतो. मासे अमोनिया बाहेर टाकतात. फिल्टरच्या स्पंजवर राहणारे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही वसाहत बसायला चार-सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते जंतू मारायलाच. म्हणजे मी दहा मिनिटांत ती वसाहत धुऊन टाकली. अमोनियाने कल्ले जळतात, म्हणून मासे वर येऊन धापा टाकत होते. मग मी हीटर वाढवला, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. वर निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, जे उरल्यासुरल्या उपयोगी जीवाणूंनाही मारतं. थोडक्यात काय, आधी लोकांचं ड्रेनेज तुंबवलं, मग खिडक्या लावून घेतल्या आणि शेवटी आत धूर फवारला. आता बोला!

तर माझं म्हणणं अगदी सरळ आहे. पाणी तपासल्याशिवाय टाकीत औषध ओतणं हा उपचार नव्हे, तो चाळा आहे. आणि हा चाळा आपण, स्वतःला शिकलेसवरलेले म्हणवणारे लोक करतो, याची मला जास्त चीड येते. एखाद्या ज्युनिअरने लॉग न बघता प्रॉडक्शनवर एकदम तीन गोष्टी बदलल्या, तर आपण त्याला फाडून खाऊ. घरी आल्यावर मात्र आपण तेच करतो.

यावर लोक म्हणतात, "अहो, मासे मरतायत, तेव्हा तपासत कोण बसणार?" पाच मिनिटं लागतात हो! अमोनिया शून्य हवा, नायट्राइट शून्य हवं. नसेल तर क्लोरीन काढलेलं, तितक्याच तापमानाचं पाणी घालून तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी बदला, खायला घालणं थांबवा, एअर पंप सोडा. किट आणायला वेळ लागणार असेल तर तोवरही हेच करा. बाटलीतल्या औषधाने होतं तसलं नुकसान यात सहसा होत नाही. आणि एक साधी खूण लक्षात ठेवा. काही तासांत सगळेच मासे एकदम बिघडले तर आधी पाण्यावर संशय घ्या. एकापासून सुरू होऊन काही दिवसांत पसरलं, तर रोगावर.

"पण कधी खरंच रोग असतो की!" असतो ना. मग तर निदान जास्तच नीट हवं. अंगावर मिठाचे दाणे शिंपडल्यासारखे ठिपके दिसले तर तो इक. त्याचा परजीवी माशाच्या कातडीखाली असेपर्यंत औषधाला दाद देत नाही. तो तळाशी पडून, फुटून, पिल्लं पाण्यात पोहायला लागली की तेव्हाच मरतो. म्हणून ठिपके गेले त्याच दिवशी औषध बंद करणारा आठवड्याभरात पुन्हा दुकानात दिसतो. तोंडावर कापूस आल्यासारखं दिसलं तर आपण म्हणतो बुरशी, पण पुष्कळदा तो कॉलम्नारिस नावाचा जीवाणू असतो. इकसाठी पाणी गरम करतात, कॉलम्नारिस मात्र गरम पाण्यात अधिक झपाट्याने पसरतो. दोन्ही पांढरंच, पण सल्ला उलटा! टॉर्च मारल्यावर सोनेरी धूळ दिसली तर व्हेल्वेट. खवले अननसासारखे उभे राहिले तर 'ड्रॉप्सी झाला' म्हणून मोकळे होऊ नका. ते लक्षण आहे, रोगाचं नाव नव्हे. ताप आला म्हणजे निदान झालं का?

दुकानदाराला मी खलनायक करणार नाही. समोर पाच गिऱ्हाईकं उभी असताना त्याला एका मिनिटात उत्तर द्यायचं असतं. आणि "काही टाकू नका, पाणी बदला" असं त्याने सांगितलं, तर "याला काही कळत नाही" म्हणून आपणच शेजारच्या दुकानात जातो. बाटली आपल्याला हवी असते. काहीतरी केल्याचं समाधान हवं असतं.

सगळ्यात राग येतो तो "चाळीस रुपयांचा मासा, मेला तर दुसरा आणू" या वाक्याचा. एक तर कॅप्सूल फोडून अंदाजाने टाकलेली अँटिबायोटिक्स शेवटी गटारात जातात आणि औषधांना न जुमानणारे जीवाणू तयार व्हायला हातभार लावतात. तो हिशोब चाळीस रुपयांत बसत नाही. आणि दुसरं म्हणजे, दुसरा मासाही त्याच पाण्यात येतो.

त्या गुरुवारी माझी सात वर्षांची भाची घरी होती. एंजलला बाहेर काढताना तिने विचारलं, "मामा, त्याला काय झालं होतं?" मी म्हणालो, "आजारी होता गं." धादांत खोटं. त्याला काहीही झालं नव्हतं. जे काही केलं होतं ते मी केलं होतं, आणि मग औषधाच्या नावाखाली आणखी तीन दिवस करत राहिलो होतो.

पुढच्या वेळी ती आली तेव्हा तिला खरं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग आधी बघायचं ना!" आता स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, बादलीत हलकेच पिळला जातो, आणि दर रविवारी नळीचा रंग तीच बघते. दोन्ही आकडे शून्य आहेत. निळी बाटली मी ठेवली आहे, पण कपाटात, किटच्या मागे. आधी किट हाताला लागलं पाहिजे.

असो. आज रविवार आहे. तुमच्या घरी टाकी असेल तर हे वाचून झाल्यावर पाणी तपासा, मासे ठणठणीत दिसत असले तरी.