दूधसागरचे मनोरे
परवा पहाटे संगमनेरजवळ एका दूध संकलन केंद्रावर उभा होतो. कॅनची झाकणं उघडली की दुधाची ऊब पत्र्याखालीच कोंडायची, आणि मला वास्तुरचनाकार अच्युत कानविंदे आठवले. १९१६ साली कोकणातल्या आचऱ्यात जन्मलेले कानविंदे हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियसकडे वास्तुकला शिकले, अभियंते शौकत राय यांच्या जोडीनं त्यांनी आयआयटी कानपूरचा परिसर घडवला. पण माझा जीव जडलाय त्यांच्या गुजरातेतल्या मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीवर. सत्तरच्या दशकातली ही इमारत, आतली गरम हवा वर ओढणारे काँक्रीटचे मनोरे हेच तिचं रूप! आपल्या अहिल्यानगरात गावोगावी दुधाचा पगार येतो, मग दुधाच्या वास्तूला नुसती पत्र्याची शेड का? गोठा बांधताना गरम हवा निघून जावी म्हणून आढ्याशी फट ठेवायला तर आपला गवंडी कधीच विसरत नाही.