मासा नाही लागला, तरी चालेल

पावण्याच्या एमआयडीसीत यंत्रावर काम करणारे एक गृहस्थ काही वर्षांपासून माझ्याकडे रक्तदाबासाठी येतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय पंचेचाळिशीच्या पुढे, तीन पाळ्यांची नोकरी, वाढलेले वजन, साखर सीमारेषेवर. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाच्या वाट्याला जेमतेम चार-पाच मिनिटे येतात. तेवढ्या वेळात सगळ्यांना सांगतो तेच त्यांनाही सांगितले : मीठ कमी करा, गोळी चुकवू नका आणि रोज चाला. त्यांनी मनावर घेतले. मुलाने मोबाइलवर पावले मोजणारे अ‍ॅप टाकून दिले. रोज दहा हजारांचे लक्ष्य. पहिल्या पाळीला सहा-साडेसहा हजार व्हायची, रात्रपाळीला चार हजारही नाहीत. रोज झोपताना मोबाइल सांगायचा : आज नापास. दीड महिन्यात चालणे बंद पडले आणि माझ्याकडे येणेही.

सहा-सात महिन्यांनी परत आले तेव्हा दाब बराच आटोक्यात होता. गोळ्या पुन्हा नियमित सुरू केल्या होत्या, हे त्याचे मोठे कारण. पण माणूसही सैल झालेला दिसला. विचारले, "चालणं सुरू केलं वाटतं?"

"नाही साहेब. सुट्टीच्या दिवशी वाशीला सागर विहारला जातो, गळ टाकून बसतो."

"काय लागतं?"

"कधी एखादी बोय, कधी शिंगाळा. बहुतेक वेळा काहीच नाही. घरी त्यावरूनच वाद. आमची मंडळी म्हणते, पेट्रोल जाळून रिकाम्या हाताने येता, त्यापेक्षा बाजारातून मासे आणा. तिचंही बरोबर आहे. बंद करावं म्हणतो."

मी म्हणालो, बंद करू नका. मागे रांग होती, म्हणून कारण सांगायचे राहून गेले. ते इथे लिहितो, कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही.

मोजण्याची खोड

दहा हजार पावलांचा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. 1965 मध्ये जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र बाजारात आले. त्याच्या जपानी नावाचा अर्थच दहा हजार पावलांचा मापक असा होता. आकडा लक्षात राहण्याजोगा होता आणि तो जगभर रुजला. त्यापेक्षा बऱ्याच कमी पावलांतही आरोग्याला फायदा होतो, हे पुढच्या अभ्यासांत दिसले आहे. तरीही साडेसहा हजार पावले चाललेला माणूस स्वतःला नापास समजतो.

मोजण्याचा आणखी एक तोटा आहे. 2016 मध्ये जॉर्डन एटकिन या संशोधिकेने काही प्रयोग प्रसिद्ध केले. चालणे, वाचणे, चित्र रंगवणे यांसारख्या कामांत आकडा मोजायला दिला, की लोक ते काम जास्त करत, पण त्यातली गोडी कमी होत असे. मोजणे थांबले, की ते कामही कमी होई. त्याच्याही आधी, 1973 मध्ये, लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर असाच प्रयोग केला होता. चित्र काढणे मुळातच आवडणाऱ्या मुलांना 'चित्र काढलेत तर बक्षीस देऊ' असे आधी सांगितले. बक्षीस मिळून गेल्यावर ही मुले मोकळ्या वेळात आधीपेक्षा कमी चित्रे काढू लागली. आवडीच्या गोष्टीला निकाल चिकटवला, की आवड निकालावर टांगली जाते.

आपल्याकडे हे घरोघरी घडते. मुलगा पोहायला जातो, तर स्पर्धेत कितवा आला? बाई योगासने करतात, तर किलो किती उतरले? मग निकाल लागला नाही की पोहणेही सुटते आणि आसनेही. रक्तदाब आणि मधुमेह हे तर आयुष्यभराचे सोबती. त्यांच्यासाठी सहा आठवडे जोरात केलेल्या व्यायामापेक्षा वीस वर्षे टिकणारी सवय मोलाची. आणि ज्याची गोडी लागते, तीच सवय टिकते.

पाण्याकाठचे दोन तास

इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यात एकूण 120 मिनिटे किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये 'माझी तब्येत चांगली आहे, मन समाधानी आहे' असे सांगणारे अधिक होते. हे दोन तास एकाच दिवशी घालवले की तुकड्यातुकड्यांनी, याने फारसा फरक पडला नाही. याचा अर्थ निसर्गाने तब्येत सुधारली असा थेट काढता येत नाही. तब्येत बरी असलेलेच जास्त बाहेर पडत असतील, हेही शक्य आहे. पण आठवड्यातून एकदाच सुट्टी मिळणाऱ्या कामगाराला 'एकाच दिवशी दोन तास चालतील' हे ऐकून धीर नक्कीच येईल.

गळ टाकून बसल्यावर डोक्यात काय होते? रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने मांडलेली कल्पना इथे उपयोगी पडते. यंत्रावर काम करताना किंवा ट्रकच्या गर्दीतून दुचाकी काढताना लक्ष जबरदस्तीने एकवटावे लागते आणि ते थकते. पाण्याच्या लाटा, हलणारी पाने, उडणारे पक्षी लक्ष वेधतात, पण ओढून धरत नाहीत. तेवढ्या वेळात थकलेले लक्ष विसावते.

दुसरी गोष्ट अनिश्चिततेची. मेंदूतल्या डोपामिन पेशींवरचा माकडांमधला एक गाजलेला प्रयोग 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. बक्षीस नक्की मिळणार किंवा नक्की नाही, अशा वेळी या पेशी वाट पाहताना शांत राहत. मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असली, की वाट पाहण्याच्या काळात त्यांची हालचाल सर्वांत जास्त असे. दोरा हलकासा थरथरला की मासेमारी करणाऱ्याच्या छातीत जे होते, त्याच्याशी याचे नाते असावे. मजा मासा हातात येण्याइतकीच, कदाचित जास्तच, 'येईल का' यात असते.

मात्र हीच यंत्रणा जुगारात आणि मोबाइलवर बोट सरकवण्यातही वापरली जाते, हे लपवून चालणार नाही. फरक वेगाचा आहे. मोबाइल दर दोन सेकंदांनी नवे आमिष टाकतो आणि तिथे गळाला आपण लागतो. खाडी घाई करत नाही. भरती-ओहोटीचे चक्र दिवसाला साधारण पन्नास मिनिटे पुढे सरकते, ते कुणाच्या सोयीने बदलत नाही. म्हणून पथ्य एकच : गळ पाण्यात असताना मोबाइल खिशात.

बसणे आणि वल्हवणे

इथे डॉक्टर म्हणून एक हिशेब स्पष्ट करायला हवा. बसून गळ टाकणे हा व्यायाम नाही. त्यात शांत बसण्याच्या सुमारे दुप्पटच ऊर्जा लागते. उभे राहून टाकला तर साडेतीन पटींपर्यंत जाते. मध्यम वेगाने छोटी होडी किंवा कयाक वल्हवताना ती सुमारे पाचपट होते आणि तो मात्र चांगला मध्यम व्यायाम ठरतो. खांदे, पाठ, पोट सगळे कामाला लागते, गुडघ्यांवर भार येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम हवा. त्यामुळे गळवाल्यांनी गाडी थोडी लांब लावून चालत जावे. वल्हवायची संधी मिळाली तर सोडू नये. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या महिला पर्यटकांना होडीतून कांदळवनात फिरवतात. त्या होड्या वल्ह्यांवर चालतात. आपल्याकडे ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून रोहित पाहायला जाणारी बोट यंत्राची असली, तरी खाडीशी ओळख व्हायला ती उत्तम.

कोळ्याची टोपली वेगळी

'निकाल काही लागो, आनंद घ्या' हे वाक्य मी पगारी माणसासाठी लिहितो आहे. सारसोळे, दिवाळे किंवा वाशी गावातल्या ज्या घराची चूल जाळ्यावर पेटते, तिथे हे वाक्य म्हणजे क्रूर थट्टा होईल. त्यांची टोपली रिकामी आली तर रविवार नव्हे, आठवडा वाया जातो. खाडीतली मासळी घटल्याची तक्रार ही माणसे वर्षानुवर्षे करत आली आहेत. कारखान्यांचे आणि शहराचे सांडपाणी, भराव, गाळ ही कारणे त्यांना तोंडपाठ आहेत. हौशी माणसाने त्यांच्या जाळ्यांपासून दूर बसावे, चिमुकली पिल्ले परत पाण्यात सोडावीत आणि घरी मासे न्यायचेच असतील तर परतताना कोळणीकडून विकत घ्यावेत. घरचा वादही मिटेल.

पकडलेला मासा खावा का? खाडीकाठावर दशकानुदशके उद्योग आहेत. ठाणे खाडीच्या गाळात पाऱ्यासारखे जड धातू आढळल्याचे अभ्यास प्रसिद्ध झालेले आहेत. पारा मोठ्या, शिकारी माशांत जास्त साठतो आणि शिजवल्याने जात नाही. मासे हे एरवी उत्तम अन्न आहे, त्याची भीती नको. पण नाल्याच्या तोंडाशी पकडलेला मासा खाऊ नये, गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना तर देऊच नये. म्हणजे इथे रिकाम्या हाताने परतणे हा तोटा नाहीच.

एवढे सांभाळा

पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका. साचलेल्या पाण्यातून, उंदीर-गुरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होतो, विशेषतः पावसाळ्यात. पाण्यात गेल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आणि अंगदुखी आली, तर डॉक्टरांना 'मी खाडीवर जातो' हे आवर्जून सांगा. या एका वाक्याने निदान लवकर होते. मधुमेहींनी आणि यकृताचा आजार असलेल्यांनी अनवाणी जाऊ नये. खाऱ्या कोमट पाण्यातल्या काही जिवाणूंमुळे त्यांच्या जखमा झपाट्याने चिघळतात. शिंगाळ्याचा काटा विषारी असतो. तो लागला तर ती जागा सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास ठेवावी, वेदना बरीच कमी होते. पाणी आधी दुखापत नसलेल्या हाताने तपासा. मधुमेहाने पाय बधिर असतील तर दुसऱ्या कुणाला तपासायला सांगा, नाहीतर भाजेल. मग रुग्णालयात जाऊन जखम दाखवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा. होडीत बसताना जीवरक्षक जॅकेट हवेच, पोहता येत असले तरीही. दारू पिऊन पाण्याजवळ जाऊ नका. उधाण आणि विजा असतील त्या दिवशी घरीच बसा.

नावातली खाडी

पावणे ज्या औद्योगिक पट्ट्यात येते त्याचे नाव टीटीसी, म्हणजे ट्रान्स ठाणे क्रीक. खाडीपल्याडचा पट्टा. नावातच खाडी आहे. 2015 मध्ये या खाडीचा काही भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला, 2022 मध्ये तिला रामसर यादीत स्थान मिळाले. पण पावण्यात वीस वर्षे पाळ्या केलेले कितीतरी कामगार मला असे भेटतात, ज्यांनी ही खाडी फक्त बसच्या खिडकीतून, वाशीच्या पुलावरून पाहिली आहे. ती त्यांच्या कारखान्यापासून काही किलोमीटरवर आहे. मध्ये महामार्ग आहे, रेल्वे आहे आणि मुख्य म्हणजे 'तिथे जाऊन मिळणार काय' हा प्रश्न आहे.

खाडीकाठी बसायला सुरक्षित धक्के, सावली, स्वच्छतागृह, कठड्याजवळ जीवरक्षक कडी आणि भरती-ओहोटीच्या वेळांचा फलक, एवढे महापालिकेने करावे. खर्च फार नाही. कारखान्यांनी आठवड्याची सुट्टी खरोखर सुट्टी ठेवावी, ओव्हरटाइमने गिळू नये. आणि सांडपाणी प्रक्रिया केल्याशिवाय खाडीत जाऊ देऊ नये. ते तर कायद्यानेच त्यांचे काम आहे. हा सगळा माझ्या दृष्टीने आरोग्यखर्चच आहे. पक्षाघाताने आडवा झालेला एक कामगार उभा करायला घराला आणि सरकारला किती लागते, ते मी रोज पाहतो.

मध्यंतरी एका सकाळी मीही सागर विहारला गेलो. त्या गृहस्थांनी एक जादा गळ आणला होता. दोन तास बसलो. समोर ओहोटी लागली, चिखल उघडा पडला, त्यावर निवट्या उड्या मारू लागल्या. माझ्या गळातला चारा कुणीतरी दोनदा खाऊन गेले. मासा काही लागला नाही. उठताना ते ओशाळून म्हणाले, "साहेब, आज तुमचा वेळ फुकट गेला."

दोन तासांत मी एकदाही घड्याळ पाहिले नव्हते, हे मला तेव्हा लक्षात आले. त्यांना विचारले, "पुढच्या भरतीची वेळ काय म्हणालात?"