दारासमोरचा रस्ता कुणाचा?



थंडीच्या दिवसांत पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. आमच्याकडे रात्री जेवण नाही, त्यामुळे डिसेंबरात साडेपाचला पानं मांडावीच लागतात. आमचे हे सव्वापाचला गल्लीच्या कोपऱ्यावर पोहोचतात. पण पेठेत कोपऱ्यावर पोहोचणं वेगळं आणि घरात पोहोचणं वेगळं. गाडीला जागा शोधत तीन गल्ल्या फिरून ते जिना चढतात, तोवर दिवेलागण झालेली असते. मग त्यांच्या वाटच्या भाकऱ्या मी खाली वॉचमनदादांना नेऊन देते आणि हे नुसतेच बसून राहतात. आठवड्यातून दोनदा तरी हे ठरलेलं.

या चिडचिडीतून आम्ही गेल्या वर्षी एक उपाय काढला. तो आमच्या गल्लीत सगळेच करतात, म्हणून त्यात काही वावगं वाटलं नाही. सकाळी गाडी बाहेर पडली, की त्या जागी मातीने भरलेल्या दोन जड कुंड्या आणि बंद पडलेली जुनी स्कूटर ठेवायची. जागा दिवसभर ‘आपली’. पुढे मुलाने गाडी घेतली. ती समोरच्या भिंतीला अगदी चिकटवून उभी राहू लागली.

समोरच्या मावशी रोज सकाळी अनवाणी मंदिरात जातात, हातात अक्षतांची डबी घेऊन. त्या नेहमी भिंतीच्या कडेने चालायच्या. ती कड आमच्या गाडीने अडवली, म्हणून त्या रस्त्याच्या मधून चालू लागल्या. एका सकाळी दुचाकीचा धक्का लागला आणि त्या पडल्या. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. मी भेटायला गेले, तर म्हणाल्या, “अगं, माझंच लक्ष नव्हतं.” त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. पाठशाळेत मी मुलांना पाच अणुव्रतं शिकवते. अचौर्य सांगताना म्हणते, ‘चोरी म्हणजे फक्त खिसा कापणं नव्हे. जे आपल्याला कुणी दिलेलं नाही, ते घेणं म्हणजेच अदत्तादान.’ मुलं लगेच उदाहरणं देतात, शेजारच्याची पेन्सिल, झाडावरचा पेरू. मग माझ्या दोन कुंड्यांचं काय? ती जागा मला कुणी दिली होती?

हिशेब करून पाहिला. एका गाडीसाठी साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरतात. म्हणजे साडेबारा चौरस मीटर, जवळपास १३५ चौरस फूट. आमच्या जुन्या वाड्यात आजेसासूबाईंनी ज्या खोलीत संसार केला, ती दहा बाय बारा होती, म्हणजे १२० चौरस फूट. तिचं भाडं दर महिन्याला दिलं जायचं. गाडी त्याहून मोठी जागा फुकट वापरते, तेही पेठेतली.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे. ‘आम्ही रोड टॅक्स भरतो.’ मीही हेच म्हणायचे. पण तो कर गाडी घेताना राज्य सरकारकडे जमा होतो, आणि गल्ली आहे महापालिकेची. शिवाय तो कर गाडी चालवण्यासाठी आहे. रात्रंदिवस एका जागी उभी करून ठेवण्यासाठी नाही.

माझी भाची अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनला राहते. तिच्याकडून मी रहिवासी परवान्याबद्दल पहिल्यांदा ऐकलं. तिथे क्रिस्टल सिटी या कचेऱ्यांच्या भागात कामाला येणारे लोक शेजारच्या ऑरोरा हायलँड्स या वस्तीत दिवसभर गाड्या लावायचे. तेव्हा स्थानिक प्रशासनाने ठरवलं, की कामाच्या दिवशी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच ठरावीक रस्त्यांवर परवाना असलेल्या गाड्याच उभ्या राहतील, आणि परवाना मिळेल मुख्यतः रहिवाशांना. बाहेरून येणारे कोर्टात गेले. रस्ता सगळ्यांचा, मग हा भेदभाव का? व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाला ते पटलं. पण १९७७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. वस्तीतली वर्दळ, धूर आणि गोंगाट कमी करण्यासाठी असा फरक करता येतो, असं सांगितलं.

जपानने तर त्याच्याही आधी, १९६२ मध्येच कायदा केला. गाडी घ्यायची तर घरापासून ठरावीक अंतरात ती ठेवायला जागा आहे, हे आधी दाखवायचं. आज ते अंतर दोन किलोमीटर आहे. मोठ्या गाड्यांना तिथे बहुतेक ठिकाणी हे प्रमाणपत्र लागतं.

आपल्याकडे असं काही झालंच नाही असं नाही. सम-विषम तारखेचं पार्किंग आपण पेठेतल्या लोकांनी कधीच अंगवळणी पाडून घेतलंय. आज या बाजूला, उद्या त्या बाजूला. म्हणजे रस्त्यावरची जागा कायमची कुणाची नसते, हे आपल्याला मान्यच आहे! २०१८ मध्ये पुणे महापालिकेने पार्किंग धोरण मंजूर केलं, तेव्हा मात्र विरोध झाला. रस्त्यावर रात्री गाडी लावण्याचं शुल्क वगळलं गेलं आणि आधी पाच रस्त्यांवर प्रयोग करायचं ठरलं. पुढे तेही रखडलं. त्या वेळी विरोधाच्या कागदावर मीही सही केली होती. आज समोर आला तर करणार नाही.

मला वाटतं, आपल्या जुन्या वस्त्यांना रहिवासी परवाना हवा. पण कसा, हे महत्त्वाचं आहे. गल्लीत गाड्या मावतील तितकेच परवाने असावेत. चाळीस जागा आणि शंभर परवाने, असं झालं तर ते नुसतं कागदाचं चिटोरं, गल्ल्यांच्या फेऱ्या तशाच. एका घराला एकच परवाना, आणि त्याला वर्षाचे पैसे. दुसऱ्या गाडीला रस्त्यावर जागा नाही, तिची सोय घरच्यांनी करावी. परवाना गल्लीचा असावा, दारासमोरच्या ठरावीक जागेचा नसावा, म्हणजे कुंड्यांना काही कामच उरणार नाही. भिंतीच्या कडेला माणसाला चालायला जागा सोडूनच जागा मोजाव्यात. टेम्पो आणि रिक्षावर ज्यांचं पोट आहे, त्यांना शुल्कात सवलत असावी. आणि पाहुण्यांसाठी, घरी येणाऱ्या नर्सबाईंसाठी दिवसाचा परवाना सहज मिळावा.

‘यातही चिरीमिरी होईल, खोटे स्टिकर निघतील,’ असं आमचे हे म्हणतात. होईलही. पण आज काय आहे? आज ज्याची कुंडी जड, त्याची जागा. ज्याचा आवाज मोठा, त्याची गल्ली. मावशींसारख्या ज्यांच्याकडे गाडीच नाही, त्यांच्या वाट्याला रस्त्याचा मधला भाग. नियम मोडणाऱ्याला निदान बोट दाखवता येतं. नियमच नसेल तर बोलायचं कुणाला?

परवाना म्हणजे विचारून घेणं. घेतलं त्याचं मोल देणं. आणि किती घ्यायचं, याला मर्यादा ठेवणं. परिग्रहाचं परिमाण आपण सोन्याला लावतो, साड्यांना लावतो, चातुर्मासात तर भाज्यांनाही लावतो. दारात उभ्या असलेल्या चार चाकांना मात्र कुणी मोजत नाही.

महापालिका करील तेव्हा करील. आम्ही कुंड्या गच्चीवर नेल्या. स्कूटर भंगारवाल्याला दिली. मुलाच्या गाडीसाठी दहा मिनिटांच्या अंतरावर एका सोसायटीत भाड्याने जागा घेतली. तो अजून कुरकुरतो, आणि ते भाडं मलाही दर महिन्याला जाणवतं. हे अजूनही कधीकधी उपाशी राहतात, कारण आमची मोकळी केलेली जागा दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्यांनी धरली. त्यांनी तिथे पाण्याचा पिंप ठेवलाय.

पण भिंतीची कड मोकळी झाली. मावशी पुन्हा तिथून चालतात, आता डबी डाव्या हातात धरून. मैत्रिणींनो, यंदा चातुर्मासाचे नियम घ्याल, तेव्हा एकदा दाराबाहेर डोकावून बघा. तिथे आपलं काय काय उभं आहे, आणि ते कुणाला विचारून?

जय जिनेंद्र.