फलक इंग्रजी, शिकवणी हिंदी. आमच्या मुलाला कळायचे कधी?

नर्मदाकाठचे निसरपूर आता मूळ जागी राहिलेले नाही. २०१९ च्या पावसाळ्यात सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत भरले आणि कुक्षी तालुक्यातील ही जुनी बाजारपेठ पाण्यात गेली. दुकान गेले, कुंभाराचा आवा गेला, काठची काळी जमीनही गेली. ज्यांना जमिनीच्या बदल्यात जमीन मिळाली नव्हती अशा पात्र कुटुंबांना ६० लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये दिला. बाकीच्यांच्या हाती त्याहून कितीतरी कमी पडले. आता पुनर्वसाहतीतल्या बापापुढे एकच प्रश्न आहे, मुलाने करायचे काय?

या प्रश्नाचे उत्तर विकणारे मात्र पुष्कळ आहेत. कोणत्याही तालुक्याच्या बसस्थानकासमोर उभे राहा. संगणक, नर्सिंग, फायरमन, इलेक्ट्रिशियन, 'शंभर टक्के नोकरीची हमी'! एका फलकावर दुसरा फलक चढलेला.

स्पर्धा वाईट असे आमचे म्हणणे नाही. १९५० साली केंद्राने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली, त्यातून आयटीआय उभ्या राहिल्या. पण सरकारी जागा नेहमीच अपुऱ्या पडल्या. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. २००८ मध्ये राष्ट्रीय कौशल्य विकास निगम आले आणि २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेने खासगी केंद्रांना सरकारी पैशावर प्रशिक्षणाचे काम दिले. त्यामुळे दारे उघडली हे मान्यच करायला हवे. परंतु ही व्यवस्था आकड्यांच्या मागे धावते आणि तिच्यात हितसंबंधांची गुंतागुंत आहे, हे २०१६ मध्ये शारदा प्रसाद समितीनेच दाखवून दिले होते.

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक पोत हाताने पाहते, मगच पैसे मोजते. शिक्षणाचा माल कसा निघाला ते दोन वर्षांनी कळते, आणि तोवर फी भरून झालेली असते. म्हणून इथली स्पर्धा शिकवण्यात होत नाही, ती फलकाच्या रंगात होते. आणि इंग्रजीइतका चकाकता रंग दुसरा नाही.

इथेच भाषेचा प्रश्न येतो. कुक्षीचा परगणा धारच्या पवारांचा. धार आणि देवासच्या दरबारांत मराठी नांदत होती. १९४८ मध्ये ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, १९५६ मध्ये मध्य प्रदेशात आली, आणि तिथली मराठी हळूहळू घरापुरती उरली. सातपुडा उतरून खेतिया-पानसेमलकडे यावे तर मराठी आजही बाजारात ऐकू येते. तिथल्याच एका मुलाने मोटार वायंडिंगचा कोर्स केला. नोट्स इंग्रजीत, समजावणे हिंदीत. त्याने सारे पाठ केले, प्रमाणपत्र मिळवले. मोटार का जळली, असे मी विचारले तेव्हा तो गप्प राहिला. त्याच्या शेजारचा मिस्त्री कोणत्याही वर्गात न बसता ते मराठीत सांगू शकत होता. निमाडी आणि भिली बोलणाऱ्या घरांतील मुलांचीही हीच गत आहे.

इंग्रजी नको असे कोणी म्हणत नाही. वायंडिंग, व्होल्टेज, बेअरिंग हे शब्द खुशाल इंग्रजी राहोत. पण त्यांच्यामागचे 'का' आणि 'कसे' मुलाच्या भाषेत उमगले पाहिजे. राज्यघटनेच्या ३५० अ कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी मातृभाषेतील शिक्षणाची सोय सांगितली आहे, पण ती प्राथमिक टप्प्यापुरती. दुसरीकडे २०२१ पासून अभियांत्रिकी मराठीतून शिकण्यास मान्यता मिळाली. २०२२ मध्ये याच मध्य प्रदेशाने वैद्यकीय शिक्षणाची हिंदी पुस्तके काढली. डॉक्टर आणि इंजिनिअर यांच्यासाठी जे शक्य झाले, ते वायरमनसाठी अशक्य कसे?

शासनाकडे आमच्या मागण्या तीनच आहेत. प्रत्येक केंद्राने किती दाखल झाले, किती उत्तीर्ण झाले आणि किती जण सहा महिन्यांनंतरही कामावर आहेत, हे दारावर लिहावे. शिकवण्याची भाषा कोणती, हे प्रवेशापूर्वी लेखी द्यावे. आणि सीमेवरील तालुक्यांत मराठी जाणणारा एक तरी निदेशक नेमावा.

शासन जागे होईपर्यंत पालकांनी स्वतः जागे राहिले पाहिजे. फी भरण्याआधी मागच्या वर्षीच्या दोन मुलांचे पत्ते मागा आणि त्यांच्या घरी जाऊन या. पावतीशिवाय रुपयाही देऊ नका. एक दिवस वर्गात मागे बसा आणि संध्याकाळी मुलाला विचारा, आज काय शिकलास ते आजीला सांग. आजीला कळले, तर पैसे भरा.

ज्यांची जमीन पाण्यात गेली, त्यांचे उरलेले पैसे फलकांवर जाऊ नयेत.