मुली येतच नाहीत म्हणे!

गेल्या रविवारी सिंहगड उतरून आम्ही पाच-सहा जण खडकवासल्याला कणसं खात उभे होतो. समोर पाणी, पलीकडे एनडीएची हद्द. विषय निघणारच. तिथून ३० मे २०२५ ला मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. ३०० हून जास्त मुलं आणि १७ मुली. लगेच आमच्यातला एक म्हणाला, "बघ, कोर्टाने दार उघडून दिलं तरी सतराच! अरे, मुलींना इंटरेस्टच नसतो."

मी गप्प बसलो. सोमवारी त्याच्याच शेजारी बसायचंय. पण घरी आल्यावर काही राहवेना, म्हणून हे.

मुलींना एनडीएच्या परीक्षेला बसू द्या असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला आणि परीक्षा नोव्हेंबरमध्ये झाली. म्हणजे तयारीला जेमतेम तीन महिने. मुलं याच परीक्षेसाठी अकरावीपासून क्लास लावतात. तरी पावणेदोन लाखांहून जास्त मुलींनी अर्ज भरले आणि हजारेक जणी लेखी परीक्षा पास झाल्या. त्यांच्यासाठी जागा किती? एनडीएच्या ३७० पैकी १९. तिन्ही दलं मिळून!

आपल्या भाषेत सांगायचं तर आकडा हार्डकोड केलेला. इनपुट काहीही द्या, आउटपुट एकोणीसच. आणि वर म्हणायचं, युजरच येत नाहीत.

इथे कोणीतरी 'मेरिट' म्हणणार. बरं, मेरिटचंच बोलू. सैन्याचा एक कायदा विभाग आहे, जॅग. काम वकिलीचं. तिथल्या एका भरतीत पुरुषांना ६ आणि स्त्रियांना ३ जागा होत्या. दोन मुलींचे गुण निवड झालेल्या पुरुषाहून जास्त, तरी त्या बाहेर, कारण 'मुलींच्या' तीन जागा भरलेल्या. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ही वाटणी रद्द केली. मेरिटवाले तेव्हा कुठे होते कोण जाणे.

आणि आत गेलेल्यांचं काय झालं? १९९२ पासून लष्कर वैद्यकीय शाखांबाहेरही स्त्रियांना अधिकारी म्हणून घेतंय, पण २०२० पर्यंत अगदी मोजक्या शाखा सोडल्या तर चौदा वर्षांनी नमस्कार होता. पेन्शनला लागतात वीस. ऐन पस्तिशी-चाळिशीत नवी नोकरी शोधावी लागायची. अशी ऑफर आपल्यापैकी किती जणांनी घेतली असती? २०२० मध्ये कायमस्वरूपी कमिशनचा निकाल लागला तेव्हा सरकारचा एक युक्तिवाद असा होता, की जवान बहुतेक खेड्यातले, त्यांच्या मनाची अजून स्त्री अधिकाऱ्याचा हुकूम मानण्याची तयारी नाही. कमाल आहे! जो जवान हुकूम सुटला की गोळ्यांच्या तोंडी जातो, त्याला एवढंच शिकवता येत नाही? आमच्या टीमची लीड बाई झाली तेव्हा दोघं आठवडाभर कुरकुरले. मग रिलीजची तारीख आली आणि विसरले.

पायदळ आणि रणगाड्यांची दारं अजून बंदच आहेत. तो वाद खरा आहे आणि त्यावर बोलायला माझ्याकडे ट्रेकपलीकडे अनुभव नाही. त्या कामाची जी चाचणी असेल ती सगळ्यांना एकच ठेवा, जो पास होईल तो जाईल. पण सिग्नल्स, इंजिनिअर्स, हवाई संरक्षण इथे तर स्त्रिया कधीच्या काम करतायत. तिथे वेगळा कोटा कशाला? एकच गुणवत्ता यादी लावा आणि वरून मोजत या. अधिकाऱ्यांच्या हजारो जागा रिकाम्या असल्याचं सरकार स्वतः संसदेत सांगत आलंय. एकीकडे माणसं मिळत नाहीत म्हणायचं आणि दुसरीकडे पास झालेल्यांना परत पाठवायचं. हे गणित कोणी समजावून सांगेल का?

असो. उद्या डब्याच्या वेळी मित्राला एकोणीसचा आकडा ऐकवणार आहे. कणसाचे पैसे त्याने दिले होते, तेव्हा आवाज जरा खालीच ठेवीन.