शिकाऊ चालक, विमा आणि रस्त्यावरचा माणूस

पेठ रोडवरील प्रादेशिक परिवहन कार्यालयातून, किंवा 2021 पासून घरबसल्या परीक्षा देऊन, शिकाऊ परवाना घेणारे नाशिककर तरुण सर्वच काही सुखवस्तू घरांतले नसतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यातील कंत्राट संपलेला कामगार, द्राक्षाच्या हंगामात टेम्पोवर काम मिळेल या आशेने आलेला पेठ-सुरगाण्याकडचा आदिवासी मुलगा, हेही त्यांत असतात. वाहन चालवता येणे ही आता चैन उरलेली नाही. ते पोटाचे साधन झाले आहे. आणि शिकणारा माणूस कधीतरी चुकणार, हेही ओघानेच आले. प्रश्न एवढाच की, त्या चुकीची किंमत कोणी मोजावयाची?

समजा, पाळी संपवून सायकलीवरून घरी निघालेल्या कामगारास शिकाऊ चालकाच्या मोटारीची धडक बसली आणि तो दगावला. त्याची विधवा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे उभी राहते, तेव्हा विमा कंपनीच्या वकिलाचा पहिला आक्षेप चालकाच्या परवान्यावर असतो. वरवर पाहता तो निरुत्तर करणाराही वाटतो. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात शिकाऊ परवानाधारकास रीतसर परवानाधारक मानता येणार नाही, असे म्हणून कंपनीची बाजू उचलून धरली होती. परंतु 5 जानेवारी 2004 रोजी स्वर्णसिंग प्रकरणात त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले की, शिकाऊ परवाना हाही कायद्याच्या अर्थाने परवानाच होय. अटीचा भंग झाला एवढे म्हणून कंपनीला हात झटकता येणार नाहीत. विमेदाराने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे भंग केला आणि अपघातास तो कारण ठरला, हे कंपनीनेच सिद्ध केले पाहिजे. ते सिद्ध झाले तरीही, आधी पीडिताला भरपाई द्या आणि मग ती मालकाकडून वसूल करा, असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते.

निर्णय स्वागतार्ह आहे. पण तेवढ्याने काम भागत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमावली 1989 मधील तिसऱ्या नियमानुसार शिकाऊ चालकाशेजारी, गाडी थांबवता येईल अशा जागी, पक्का परवाना असलेला शिक्षक बसलेला असावा लागतो. गाडीच्या पुढे व मागे किमान 18 सेंटिमीटर चौरस पांढऱ्या पाटीवर तांबडे ‘एल’ अक्षर असावे लागते. परवाना 6 महिन्यांच्या मुदतीतला हवा. याच अटी विमा पॉलिसीतही उतरलेल्या असतात. त्या मोडल्या तर मालकाला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळत नाहीत, आणि तिसऱ्या पक्षाला दिलेली भरपाईही त्याच्याकडून वसूल होऊ शकते. कर्ज काढून एकच टेम्पो घेतलेल्या माणसाचे घरदार त्यात जाते. अपिलाचा खर्च कंपनीला जड नसतो. विधवेला मात्र प्रत्येक तारीख एका दिवसाच्या रोजीला पडते.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. शेजारी बसून शिकवणारा भाऊ, वडील किंवा मित्र जखमी झाला तर काय? केवळ कायद्यापुरती, म्हणजे तिसऱ्या पक्षाची पॉलिसी घेतली असेल, तर खासगी मोटारीत विनामूल्य बसलेल्याची जबाबदारी तीत येत नाही, असे न्यायालयांनी वेळोवेळी ठरवले आहे. ज्याला नियमानेच त्या जागी बसवले, त्यालाच विमा वाऱ्यावर सोडतो!

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता विमा म्हणजे जोखमीचे सामाजिकीकरण होय. तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा आहे आणि त्याचा हप्ता सरकार ठरवते. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांत 1000 सी.सी.पर्यंतच्या खासगी मोटारीस तो वर्षाला 2094 रुपये होता. सक्तीने घेतलेला आणि सरकारने ठरवलेला असा हप्ता हा स्वभावतः करच आहे. मग दुसऱ्याच्या गाडीला पाटी नव्हती म्हणून त्या कराचे संरक्षण तिऱ्हाइताने का गमवावे?

1972 साली आपल्याकडे सर्वसाधारण विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा झाला आणि 1 जानेवारी 1973 पासून 107 कंपन्यांच्या जागी चार सरकारी कंपन्या आल्या. त्याच 1972 साली न्यूझीलंडने अपघात भरपाईचा कायदा केला. 1974 पासून तेथे चूक कोणाची हे न विचारता जखमीला भरपाई मिळू लागली. रस्त्यावरील अपघातांचा पैसा वाहननोंदणी व पेट्रोलवरील आकारातून उभा राहिला. त्या योजनेत पुढे कपाती झाल्या, पण तत्त्व टिकले. आपण मालकी बदलली, तत्त्व बदलले नाही. आणि 2021 च्या दुरुस्तीने तर त्या मालकीतील सरकारच्या 51 टक्के वाट्याची अटही काढून टाकली.

म्हणून आमची मागणी साधी आहे. तिसऱ्या पक्षाच्या दाव्यात परवान्याचा वाद पीडितापुढे येताच कामा नये. कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मालकाशी काय ते नंतर पाहावे. शिकवणाऱ्यास सक्तीच्या विम्याचे संरक्षण मिळावे. चूक सिद्ध न करता मृत्यूबद्दल 5 लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये देणारी तरतूद महागाईशी जोडली जावी. शिकाऊ परवान्याबरोबर विम्याच्या अटींचे मराठी पत्रक हाती पडावे.

हे होईपर्यंत कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसू नये. वस्तीत अपघात झाला की त्याच दिवशी फिर्यादीची प्रत, वाहनाचा क्रमांक व विम्याचा तपशील मिळवावा. पोलिसांनी प्राथमिक अपघात अहवाल 48 तासांत न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो. तो गेला की नाही, याची चौकशी करावी. दावा 6 महिन्यांत दाखल करण्याची अट 1 एप्रिल 2022 पासून आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असले तरी त्या भरवशावर राहू नये. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती व औद्योगिक कामगार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, हे घरोघर सांगावे.

शिकणाऱ्याला शिकू द्यावे, यात दुमत नाही. मात्र त्याच्या शिक्षणाची फी रस्त्याच्या कडेने सायकल हाकणाऱ्या माणसाकडून वसूल होता कामा नये.