क्षयरोग व सुगंधी तेले : पूरक उपचाराची मर्यादा

औषधी व सुगंधी वनस्पतींची लागवड हा जिरायती शेतीस चांगला जोडधंदा आहे. गवती चहा, तुळस, निलगिरी यांच्या पाल्यातून वाफेच्या साहाय्याने तेल काढले जाते. शंभर किलो ओल्या गवती चहापासून जेमतेम अर्धा किलो तेल हाती लागते. म्हणूनच त्यास मोल आहे. परंतु असे तेल ‘क्षयावर रामबाण’ म्हणून खपविले जाऊ लागले, तर शेतकऱ्याने व ग्रामसेवकाने वेळीच सावध होणे अगत्याचे आहे.

या समजुतीस मुळीच आधार नाही, असे नव्हे. प्रयोगशाळेत काही वनस्पतिजन्य तेलांनी क्षयजंतूंची वाढ रोखली गेल्याचे आढळले आहे. पण काचेची बशी म्हणजे माणसाचे फुप्फुस नव्हे. हा जंतू शरीराच्या पेशींत दडून राहतो व सावकाश वाढतो. तेल हुंगल्याने किंवा छातीस चोळल्याने तो तेथे मरतो, असे सिद्ध झालेले नाही. अडुळशाने कफ सुटतो हे खरे; पण कफ सुटणे निराळे आणि रोग हटणे निराळे.

कडू कवठाच्या तेलाचा इतिहास येथे बोधप्रद आहे. एके काळी कुष्ठरोगावर त्याच जातीच्या तेलाचा मोठा आधार होता. १९४० नंतर सल्फोन वर्गातील औषधे आली आणि तेल मागे पडले. यात वनस्पतीचा अवमान नाही. अधिक गुणकारी औषध सापडले, एवढाच त्याचा अर्थ.

साध्या क्षयावर सहा महिने औषधे घ्यावी लागतात : पहिले दोन महिने चार औषधे व पुढील चार महिने तीन. काही आठवड्यांतच ताप उतरतो, भूक लागते, खोकला कमी होतो. खरा धोका येथेच आहे. याच सुमारास घरात तेलही सुरू असेल, तर गुणाचे श्रेय तेलास मिळते व गोळ्या बंद होतात. मग उरलेले जंतू त्या औषधांना दाद देईनासे होतात, उपचार कठीण होतो आणि तोच रोग घरातील मुलाबाळांस जडण्याची भीती राहते.

तेव्हा तेलाचे स्थान मर्यादित आहे. वासाने किंवा छातीस चोळल्याने रोग्यास बरे वाटत असेल, तर डॉक्टरांस सांगून तसे करण्यास हरकत नसावी. मात्र तेल पोटात देऊ नये. निलगिरीचे तेल थोडेसे गिळले तरी लहान मुलास झटके येऊ शकतात.

तेल विकणाऱ्या शेतकऱ्यावरही जबाबदारी आहे. क्षय बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. सुगंधी द्रव्य म्हणून विकल्यास मालाची पत टिकते; खोट्या वचनाने ती जाते.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असणाऱ्यास बेडका तपासण्यासाठी आरोग्य केंद्रात पाठवावे. तपासणी व औषधे तेथे मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेखाली नोव्हेंबर २०२४ पासून उपचारकाळात आहारासाठी दरमहा १००० रुपये ठरविले आहेत. ते तेलाच्या बाटलीवर न खर्चिता डाळ, दूध, अंडी यांवर खर्च व्हावेत. रोग्याच्या दारी जाणाऱ्या ग्रामसेवकाने पहिला प्रश्न विचारावा तो हाच : आजची गोळी घेतली काय ?